एक मूठ उंचीवरचा ध्रुव

तार इंग्रजीत होती, ती वडिलांनी वाचली. धाकट्या भावाच्या लग्नाला म्हणून मी तीन वर्षांनी कराडला आले होते. लग्न होऊन चार दिवस झाले होते, मांडवाचे वासे अजून अंगणात पडलेले होते, आणि मी शेजारपाजारची पातेली ज्याची त्याला पोचवण्याच्या गडबडीत होते. वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "तुमच्या आत्याबाई गेल्या गं... परवाच." मी "बरं" म्हणाले. हो, "बरं"च म्हणाले. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय बाहेर पडेल याचा नेम नसतो. आईने आंघोळीचं पाणी काढलं. मी न्हाणीत गेले, दोन तांबे डोक्यावर ओतून घेतले आणि ओल्या फरशीवर तशीच बसून राहिले. बाहेर आई कुणाला तरी सांगत होती, "हिच्या यजमानांची आत्या हो. म्हातारी होती, बालविधवा." त्यात खोटं काहीच नव्हतं. मला मात्र आत बसल्या बसल्या आईचा असा राग आला की विचारू नका.

कराडहून कुंभकोणमला यायचं म्हणजे तीन गाड्या बदलायच्या आणि वाटेत दोन रात्री काढायच्या. मांडव आवरून निघायला आठवडा गेला, आणि मी पोचले तोवर दहावं उरकलं होतं. आत्याबाईंची खोली माडीवर, गच्चीला लागून. ती धुऊन काढली होती, चटई देऊन टाकली होती, नेसायची दोन आलवणं होती तीही गेली होती. घरात कुणी रडत नव्हतं, आणि रडायचं काही कारण आहे असंही कुणाला वाटत नव्हतं. "सुटली," असं जो तो म्हणत होता. कशातून सुटली, हे मात्र मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि ती त्या दिवशी नव्हे, वर्षभर आधीच सुटली होती हेही मलाच ठाऊक होतं. त्याला आता सात आठवडे झाले. सांगायला इथे कुणी नाही, म्हणून वर्तमानपत्रासाठी लिहिते आहे.

अशा लेखात गेलेल्या माणसाने आयुष्यात काय काय केलं ते सांगायची पद्धत असते. आत्याबाईंनी काही केलं नाही. त्यांना कुणी करू दिलं नाही, असं म्हणा हवं तर. त्यांचं नाव अंबुजाबाई, माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. नवव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी नवरा गेला. तो तेरा वर्षांचा होता. त्यानंतर पन्नास वर्षं त्या माहेरच्या माडीवर राहिल्या. कुंभकोणम, शेजारचं तिरुनागेश्वरम्, भजनाला कधी गोविंदपुरम्, एवढीच त्यांची दुनिया. त्यांनी एकच उद्योग केला, प्रश्न विचारले. सगळे आकाशाबद्दलचे, आणि सगळे मला.

त्या सगळ्या प्रश्नांच्या पोटात एक प्रश्न होता. तो आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट लपवून ठेवून शेवटी टाळ्या घ्यायची कला मला येत नाही. आपल्यात लग्नाच्या दिवशी संध्याकाळी नवरीला ध्रुव दाखवतात. ध्रुव अढळ, तशी तूही सासरी अढळ राहा, असा त्याचा अर्थ. भटजी उत्तरेला बोट करून विचारतात, मुलगी "दिसला" म्हणते आणि सगळे जेवायला उठतात. नऊ वर्षांच्या अंबुजाला ध्रुव दिसला नव्हता. शेजारच्या बायकांनी "म्हण गे, म्हण" केलं, आणि ती "दिसला" म्हणाली. चार महिन्यांनी नवरा तापाने गेला. आपण देवाब्राह्मणांसमोर खोटं बोललो म्हणून तो गेला, ही समजूत त्या पोरीने उराशी धरली आणि पन्नास वर्षं कुणापाशी ब्र काढला नाही. आपण त्याला मारलं की नाही, एवढंच त्यांना मरायच्या आत कळायला हवं होतं.

मी कराडची. वडील शाळामास्तर, शास्त्र आणि भूगोल शिकवणारे. मी इंटर सायन्सला होते तेव्हा दूरच्या नात्यातून हे स्थळ आलं. तंजावरच्या राजांबरोबर पावणेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं घराणं, मुलगा कालव्यांच्या खात्यात ओव्हरसिअर. "घरात मराठीच बोलतात हो," मध्यस्थ म्हणाला होता. बोलतात, खरंच बोलतात. पण ती मराठी आपल्या पणजोबांच्या पणजोबांना कळली असती. 'सगळे' म्हणायचं तर 'अस्के', 'लवकर' म्हणायचं तर 'बेगी', मधेमधे तमिळचे खडे, आणि दाराबाहेर पाऊल पडलं की सगळंच तमिळ. माझं बोलणं ऐकून घरातल्या बायका पदराआड हसायच्या. त्यांना ते पुस्तकी आणि उर्मट वाटायचं, हे मला पुढे कळलं. दोन्हीकडे मराठीच आणि मी मुकी... असे पहिले काही महिने गेले. कराडला पत्र जायचं त्यात मी लिहायचे, "मी सुखरूप आहे. सर्व मंडळी चांगली आहेत."

सासरी येऊन जेमतेम आठवडा झाला होता. एका संध्याकाळी वाळवण उचलायला गच्चीवर गेले आणि सवयीने उत्तरेकडे पाहिलं. कराडला आमच्या अंगणातून ध्रुव रोज दिसायचा, समोरच्या कौलांच्या जरा वर. लग्नातही तो मला तिथेच दाखवला होता आणि मला तो खरोखर दिसला होता. इथे त्या जागी काहीच नव्हतं. खाली नारळींचे शेंडे, त्यांच्या मागे देवळाचं गोपुर, आणि वर रिकामं. परगावी माणसं नवी असतात, पाणी नवं असतं, ते मी धरूनच चालले होते. आकाशसुद्धा निराळं असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच टोपल्यात कुरडया धरून रडायला लागले.

"काय धुंडतेस गे?" मागून कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, ध्रुव. पुन्हा आवाज आला, "तुलाही दिसत नाहीं?" मी वळणार तोच त्या म्हणाल्या, "नको, नव्या नवरीनें माझें तोंड पाहूं नये." मला आधीच रडू येत होतं, त्यात हे. मी सरळ वळले आणि पाहिलं. खोलीच्या उंबऱ्यात एक बारकीशी बाई, डोक्यावरून तांबडं आलवण, डोळे मात्र चिमणीसारखे चपळ. आठवडाभर मी त्या घरात राहत होते आणि माडीवर असं कुणी आहे हे मला सांगितलं नव्हतं.

मी वडिलांना पत्र टाकलं. सुखरूप वगैरे लिहून झाल्यावर खाली एक ओळ, "बाबा, इथे ध्रुव कुठे गेला?" आठ-दहा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. त्यांच्या शाळामास्तरी पद्धतीने त्यांनी लिहिलं होतं, की माणूस जसजसा दक्षिणेला जातो तसतसा ध्रुव खाली उतरतो. हात ताठ पुढे करून मूठ आडवी धर, क्षितिजापासून मोज. कराडला ध्रुव पावणेदोन मुठींवर असतो, कुंभकोणमला एक मूठ आणि वर अंगठा, एवढाच. त्याहून उंच झाड किंवा भिंत आड आली तर तो दिसायचा नाही. तू चुकली नाहीस, तुझं गाव बदललं. हे शेवटचं वाक्य वाचून मला पुन्हा रडू आलं, पण ते असो. मी पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी हात पुढे केला, मूठ धरली, नारळींकडे पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे खालीं अंगणांतून कोणालाच दिसत नसेल?" मी म्हटलं, कसा दिसेल? त्या उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, आपलं काही बोलणं लागलं.

त्यानंतर प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. दिवेलागणीला मी गच्चीवर गेले की एक तरी प्रश्न तयार. तारे लुकलुकतात तर गुरू कां लुकलुकत नाहीं? दिवसा तारे कोठें जातात? चंद्र वर कशास टांगला आहे, पडत कां नाहीं? मला येत असेल ते मी सांगायचे, नाही तर कराडला पत्र. इंटर सायन्सचं शिक्षण तीन आठवड्यांत संपलं, हे कबूल करायला हवं. वडिलांना मात्र हुरूप आला. शाळेत पोरं प्रश्न विचारत नाहीत, आणि इथे एक पन्नाशी उलटलेली बाई सहाशे मैलांवरून विचारते आहे! ते लिहायचे, भाताच्या पातेल्यावरून वाफ जात असताना पलीकडचा दिवा बघा, तो थरथरतो. तारा तसाच, मधली हवा हलते म्हणून लुकलुकतो. गुरू आपल्या जवळ, म्हणून जरा मोठा, त्याला तेवढ्याने काही होत नाही. दिवसाही तारे जागेवरच असतात, सूर्यापुढे त्यांची डाळ शिजत नाही. आणि चंद्र पडतोच आहे, पण पडता पडता बाजूलाही पळतो आहे, म्हणून पृथ्वी दर वेळी चुकते. हे मी वाचलं तेव्हा आत्याबाई कितीतरी वेळ चंद्राकडे बघत राहिल्या. "पडतो आहे आणि कोणास कळत नाहीं," म्हणाल्या.

सूर्य किती लांब, असं एकदा विचारलं. वडिलांनी आगगाडीचा हिशोब करून पाठवला, आपली नेहमीची गाडी न थांबता गेली तर साडेतीनशे वर्षं लागतील. आत्याबाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. "म्हणजे आपले लोक तंजावरीं येण्याआधीं गाडींत बसायला हवें होतें," म्हणाल्या, "आणि तुझी सासू वाटेसाठीं दहींभात बांधून देणार." मी पोट धरून हसले. त्या घरात मी मोठ्याने हसल्याचं खाली ऐकू गेलं आणि त्याची चर्चा झाली. आणखी एकदा त्यांनी विचारलं, आकाशाच्या पलीकडे काय आहे? त्यावर वडिलांचं एका ओळीचं पोस्टकार्ड आलं, "मला माहीत नाही, आणि ज्यांना विचारावं त्यांनाही माहीत नाही." ते त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मास्तर असून नाही म्हणतो, याचंच त्यांना नवल.

वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ना, तसं त्यांचं चाललं होतं. हे सगळे प्रश्न फिरून ध्रुवापाशी यायचे. ध्रुव कितीसा मोठा, ध्रुव रागावतो का, ध्रुव खरोखर हालत नाहीं का? या शेवटच्या प्रश्नाला वडिलांनी जरा भीत भीतच उत्तर लिहिलं होतं. ध्रुवही दिवसरात्रीत एक छोटंसं वर्तुळ फिरतो, आणि फार फार पूर्वी तर उत्तरेला दुसराच तारा होता. मी वाचून दाखवलं आणि वाटलं, आता यांना वाईट वाटणार. त्या म्हणाल्या, "तो हालतो... आणि मला स्थिर राहायला सांगिटलें." मग त्या संध्याकाळी, तिथे उंबऱ्यावर बसून, त्यांनी मला लग्नाची हकीकत सांगितली. शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "मी लबाड बोललें म्हणून तो गेला."

मी तडकाफडकी वाद घातला. वय लहान, अक्कल बेताची आणि शास्त्र शिकल्याचा तोरा. म्हटलं, आत्याबाई, ह्या गल्लीतल्या एकाही अंगणातून ध्रुव दिसत नाही. तुमची आई खोटं बोलली, आजी खोटं बोलली, माझी सासू खोटं बोलली, अख्ख्या गल्लीतल्या बायका खोटं बोलल्या. मग त्यांचे नवरे कसे जगले? मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "तें मी हीं पाहिलें. देवानें अस्क्यांचें सोडलें, माझेंच तेवढें मोजलें." पन्नास वर्षं एकटीने बसून केलेला विचार होता तो. माझं इंटर सायन्स त्याच्यापुढे पालथ्या घड्यावरचं पाणी.

अशी वर्षं गेली. मधे रशियाने उपग्रह सोडला तेव्हा आमच्या गल्लीत सगळे संध्याकाळी गच्च्यांवर चढून उभे. "तो पाहा, तो पाहा" असा गलका व्हायचा आणि निम्मे लोक विमानाला किंवा शुक्राला बोट दाखवून खुशीत खाली उतरायचे. आत्याबाई दारातून बघत होत्या. "अस्क्यांना दिसला," म्हणाल्या, "यांतल्या किती जणांना दिसला?" त्यानंतर महिन्याभराने दुसरा सोडला, त्यात कुत्री होती. त्यांचा प्रश्न आला, ती परत कशी येणार? तोवर पेपरात छापून आलं होतं, मीच सांगितलं, परत येणार नाही. "तिला ठाऊक होतें का?" नाही. "विचारिलें का कोणी?" मी म्हटलं, कुत्रीला काय विचारणार आत्याबाई? त्यांनी मान हलवली.

गेल्या वर्षीच्या फाल्गुनात घरी पूजा होती. आमचे भटजी म्हातारे आहेत. आत्याबाईंचं लग्न लावलं ते यांचे वडील. पूजा आटोपून ते ओट्यावर वारा घेत बसले होते, मी ताक नेऊन दिलं आणि विचारलंच, की नवरीला तुम्ही ध्रुव दाखवता तो कुठून दिसतो हो? ते हसले. "दिसतो कोठें अम्मा? नारळी आहेत, गोपुर आहे. न दिसला तरी 'पाहतें' म्हणावें, असेंच शास्त्र आहे. पोथींत तसेंच सांगिटलें आहे." मी ताकाचं भांडं तिथेच ठेवून धावत माडीवर गेले. धापा टाकत सांगितलं, आत्याबाई, तुम्ही खोटं बोललाच नाहीत. न दिसता 'दिसला' म्हणायचं, हाच विधी आहे. भटजींना माहीत होतं, त्यांच्या वडिलांना माहीत होतं, पोथीतच आहे!

मला वाटलं होतं, त्या रडतील, मला जवळ घेतील. त्यांचा चेहरा मात्र असा झाला की मी दोन पावलं मागे सरले. "त्यांना ठाऊक होतें," म्हणाल्या. "मग विचारतात कशास?" आणि थोड्या वेळाने, "पन्नास वर्षें येथें वर बसलें होतें. कोणी येऊन सांगिटलें नाहीं." दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. मला कळेना की मी चांगलं केलं की वाईट. एकटं असणं म्हणजे काय, ते मला त्या दोन दिवसांत समजलं. घरात माणसं नसणं हा त्याचा अर्थच नव्हे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आपणहून उंबऱ्यावर आल्या आणि म्हणाल्या, "मला एकदां तो पाहायचा आहे. पाहून सांगायचें आहे."

उत्तरेला मोकळी जागा हवी होती. माझे यजमान कालव्यांच्या कामावर फिरणारे, त्यांना सगळ्या नद्यांचे काठ पाठ. ते म्हणाले, कोळ्ळिडमच्या वाळवंटात जा. कोळ्ळिडम म्हणजे कावेरीचाच उत्तरेचा फाटा, पाट भलताच रुंद, आणि वैशाखात सगळी वाळूच. विधवा बाईला घेऊन संध्याकाळी वाळूत तारे बघायला जातो असं घरात सांगणं शक्य नव्हतं. तिरुविसनल्लूरच्या मठात दर्शनाला जातो असं सांगितलं. आणि दर्शन घेतलं, उगाच पाप नको. मग बैलगाडी उत्तरेला वळवली. कशासाठी एवढा खटाटोप, हे यजमानांना मी सांगितलं नव्हतं. आत्याला ताऱ्यांचं वेड आहे एवढंच ते समजून होते, आणि तेवढ्यावर ते आले, हे त्यांचं मोठेपण म्हणायला हवं.

आम्ही पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. सप्तर्षी ऐन वर होते. त्यांतल्या टोकाच्या दोन ताऱ्यांची रेघ खाली ओढत आणली, हात पुढे करून मूठ धरली, आणि मुठीवर अंगठा... तिथे तो होता. पलीकडच्या काठावरच्या झाडांच्या थोडासाच वर, मळकट, कराडच्या ध्रुवाचा गरीब भाऊ शोभेल असा. आठ वर्षांत इकडच्या आकाशात मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मी आत्याबाईंचा हात धरून पुढे केला, त्यांची मूठ वळवली, म्हटलं, हिच्या वर, अंगठ्याच्या टोकाशी बघा.

त्यांनी पाहिलं. डोळे बारीक केले, मोठे केले, पदराने पुसले, पुन्हा पाहिलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. सुईत दोरा मी ओवून द्यायचे, तांदूळ मी निवडून द्यायचे, आणि तरीही हे मला आधी सुचलं नव्हतं. सहा मैल गाडीत हाडं खिळखिळी करून त्या माउलीला मी आणलं होतं तरी कशाला? मी विचारलं, दिसला? पुन्हा विचारलं. आणि मग माझ्या तोंडून गेलं, "दिसला म्हणा ना, आत्याबाई."

बोलले आणि जीभ चावली. मी काय बोलले ते मला कळलं, त्यांनाही कळलं. त्यांनी हात हळूच खाली घेतला. "नाहीं," म्हणाल्या. "मला दिसत नाहीं." मग पुन्हा म्हणाल्या, या वेळी इतक्या मोठ्याने की गाडीपाशी उभे असलेले यजमान वळून बघायला लागले. "मला दिसत नाहीं." मी त्यांच्या पायाशी वाळूत बसले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुला दिसला ना?" मी म्हटलं, दिसला. "मग बरें. आहे म्हणजे. चल, बेगी जाऊं, बैल उपाशी असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन वर गेले. त्या चटईवर बसून तुळशीच्या वाळलेल्या काड्या मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ताप होता गे. तो तापानेंच गेला." मी "हो" म्हणाले. "गोरा होता," म्हणाल्या, "आणि त्याला विहिरीची भीति वाटायची." पन्नास वर्षांत त्या मुलाबद्दल त्या पहिल्यांदाच काही बोलत होत्या. त्याआधी तो त्यांच्या लेखी नुसता एक मेलेला माणूस होता, ज्याचा दोष त्यांच्या माथी होता. त्या सकाळी तो तेरा वर्षांचा मुलगा झाला. काड्या मोडून झाल्यावर त्यांनी मला नेहमीसारखा प्रश्न विचारला, मंगळावर पाऊस पडतो का? मी म्हटलं, बाबांना विचारते.

त्यानंतर त्या वर्षभर जगल्या. प्रश्न चालूच होते, पण आता ते नुसते प्रश्न होते, मजेसाठी विचारलेले. ध्रुवाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी कराडला निघाले त्या दिवशी ट्रंक भरून वर निरोप घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "माहेरीं विचारतील, कशी आहेस. काय सांगशील?" मी म्हटलं, सांगेन, बरी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, तरी पाहिलं. "तें बरें तुला दिसतें का? कीं म्हणायचें म्हणून म्हणतेस?" खालून यजमानांनी हाक मारली, गाडीची वेळ झाली होती. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, आल्यावर सांगते.

त्यांच्या खोलीत आता तांदळाची पोती ठेवली आहेत. दिवेलागणीला मी तिथे जाते आणि एका पोत्याला टेकून बसते. हे सगळं तिथेच बसून लिहिलं आहे. माझ्या घरात मराठी वर्तमानपत्र कुणी वाचत नाही. यजमानांनासुद्धा छापील तमिळच सोपं जातं. कराडला मात्र ही पुरवणी वडील पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, हे मला ठाऊक आहे आणि ठाऊक असूनच लिहिते आहे. बाबा, भावाच्या लग्नात ज्याने त्याने विचारलं आणि मी तोंड भरून "बरी आहे" म्हणाले. तुम्हालाही म्हणाले. इथे माझा छळ नाही, उपासमार नाही, हे भले आहेत. पण मला इथे करमत नाही. नऊ वर्षांत कधी करमलं नाही, आणि प्रत्येक पत्रात मी करमतं म्हणून लिहीत आले. आत्याबाई होत्या तोवर संध्याकाळ तेवढी बरी जायची. आता संध्याकाळीही मी एकटीच असते.